अस्वलाचा आठवडा

अठ्ठेचाळीस म्हणून झालं तरी खारीनं श्वास सोडला नव्हता. वर्गातली बाकीची एकतीस मुलं केव्हाच धापा टाकत, खिदळत उठून बसली होती. कुणी बारापर्यंत पोचलं होतं, कुणी अठरापर्यंत, आणि हत्तीनं तर सातालाच 'फू' करून सगळ्यांना हसवलं होतं. फळ्यावर प्रत्येकाच्या प्राण्याचं चित्र आणि त्यापुढे आकडा. दुसरीच्या वर्गाचं हे गणित होतं, हेच विज्ञान, आणि निपचित पडून राहायचं म्हणून हाच कवायतीचा तासही. खार सतरंजीच्या कडेला पडली होती. हात सैल, तळवे वर, एक पाय किंचित वाकडा, पडताना व्हावा तसा. "एकोणपन्नास! पन्नास!" मुलं ओरडत होती. बावन्नला बाई म्हणाल्या, "पुरे गं, ऊठ आता." खार उठली. धाप नाही, की चेहरा लाल झालेला नाही. बाईंनी तिच्या चित्रापुढे बावन्न लिहिलं, मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि सहज विचारलं, "एवढा वेळ कशी गं राहिलीस?" "सवय आहे," खार म्हणाली, "घरी करते मी. बाबा आले की." मुलं हसली. आपण नीट सांगितलं नाही असं तिला वाटलं असावं, कारण मग ती बाईंना समजावू लागली, जरा मोठ्या माणसासारखं. "डोळे मिटायचे, पण घट्ट नाही मिटायचे, बाई. घट्ट मिटले की कळतं."

बेल झाली, मुलं डबे घेऊन बाहेर पळाली, आणि बाई हातातल्या खडूकडे बघत टेबलापाशी तशाच उभ्या राहिल्या. शाळेत त्यांना 'गोष्टीच्या बाई' म्हणत. चोवीस वर्षं त्या पहिली-दुसरीला शिकवत होत्या आणि सगळं शिकवणं त्यांनी प्राण्यांच्या जुन्या गोष्टींवर बेतलं होतं. एका आठवड्याला एक प्राणी. कावळ्याच्या आठवड्यात मुलं बरणीत खडे टाकून पाणी किती चढलं ते पट्टीनं मोजत. कासवाच्या आठवड्यात अंगणातलं अंतर पावलांनी मोजत आणि घड्याळ वाचायला शिकत. सिंह-उंदराच्या आठवड्यात सुतळीच्या गाठी मारत, सोडवत, आणि 'सुटका' हा शब्द वाक्यात वापरून दाखवत. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मूल एक प्राणी निवडायचं आणि वर्षभर हजेरी त्याच नावानं व्हायची. आईबापांनाही त्याची मजा वाटे. ह्या मुलीनं खार निवडली होती. का, असं विचारल्यावर म्हणाली होती, "ती पटकन वर जाते." अस्वलाचा आठवडा बाईंचा सगळ्यात जुना, सगळ्यात घोटलेला. दोन मित्र रानातून चाललेत, अस्वल येतं, एक झाडावर चढतो, दुसऱ्याला चढता येत नाही म्हणून तो मेल्याचं सोंग घेतो. अस्वल त्याला हुंगतं, त्याच्या कानाशी तोंड नेतं आणि निघून जातं. ते कानात काय म्हणालं, हे मुलांनी भाषेच्या तासाला आपापल्या मनानं लिहायचं. ह्या शुक्रवारी तर दुसऱ्या शाळांमधून वीस शिक्षक बाईंचा हाच पाठ बघायला येणार होते.

घट्ट मिटले की कळतं. हे वाक्य बाईंनी आधी ऐकलेलं होतं, जवळजवळ ह्याच शब्दांत. बाईंचे वडील सरकारी कचेरीत नकाशे काढत. हातात जरा म्हणून कंप नसलेला माणूस. केसाएवढी रेघ ते एका दमात ओढत. घरी आले की आधी हात धुवायचे, आणि ते किती वेळ धुतायत त्यावरून दोघी बहिणींना पुढचं सगळं समजायचं. लवकर नळ बंद झाला तर ते सतरंजीवर येऊन बसायचे आणि गोष्ट सांगायचे. काय गोष्टी सांगायचे! सिंहाचा आवाज वेगळा, उंदराचा वेगळा, आणि अस्वल व्हायचे तेव्हा तर धाकटीला जमिनीवर झोपवून तिच्याभोवती चार पायांवर फिरायचे, मानेत नाक खुपसून हुंगायचे, आणि ती गुदगुल्यांनी हसून हसून हरायची. बाई आज वर्गात जे आवाज काढत, ते सगळे त्यांचेच होते. पण नळ कधी कधी वाहतच राहायचा. मग बाई, तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या, शिडीवरून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर जायच्या आणि शिडी वर ओढून घ्यायच्या. धाकटी सहा वर्षांनी लहान, तिला तेवढ्या घाईनं चढता यायचं नाही. पहिल्यांदा ती खाली उभी राहून रडली. नंतर एके दिवशी रडायची थांबली आणि सरळ जमिनीवर आडवी झाली, खेळातल्यासारखी. वडील लाकडी पट्टी घेऊन आले, तिच्यापाशी थांबले, आणि का कोण जाणे, खाली वाकून तिला हुंगू लागले. मग हसले. पट्टी जागेवर गेली. आईनं चहा टाकला. त्यानंतर कैक वेळा बाईंनी माळ्यावरून, जुन्या ट्रंकांच्या मधून ते बघितलं होतं, आणि एकदा अंथरुणात धाकटीनं त्यांना त्याची युक्ती समजावून सांगितली होती. डोळे कसे मिटायचे त्याची.

मधल्या सुट्टीत त्या खारीला शोधत नळापाशी गेल्या. ती पायरीवर एकटी डबा खात होती. बाई शेजारी बसल्या. "बाबा आले की काय होतं गं?" "चिडतात." "मग?" "मग मी पडते." "आणि आई?" "आई न्हाणीघरात जाते, कडी लावते. ते आमचं झाड आहे," खार म्हणाली. तिनं घास नीट चावून गिळला. "पण त्यात एकच मावतं." हिनं गोष्टीत घर बसवलं होतं की घरात गोष्ट, ते बाईंना कळेना. "मग बाबा काय करतात?" "बघतात. मग म्हणतात, ऊठ, नाटकी. मग कधी हसतात." "आणि कधी?" खारीनं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "कधी नाही," ती म्हणाली, आणि हत्ती हाक मारत होता म्हणून पळाली. पळताना ती उजवा खांदा जरा उचलून धरत होती. हे आपण जूनपासून बघतोय, बाईंच्या लक्षात आलं. तिच्या पालकांच्या वहीत आपण 'दप्तराचे ओझे कमी करावे' असंसुद्धा लिहून दिलंय.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या शुक्रवारच्या खुर्च्यांची यादी करत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत सगळं ऐकून घेतलं. "अहो बाई, दुसरीतल्या पोरीचं बोलणं ते. गेल्या वर्षी तुमच्या त्या कोल्ह्यानं आमच्या मोरीत मगर आहे म्हणून सांगितलं होतं, आणि निघाली पाल." "तिचा खांदा दुखतोय." "मुलं पडतात." "मोठ्या बाई, तिच्या गोष्टीतलं अस्वल म्हणजे तिचा बाप आहे." "बापाला मी बघितलंय. पालकसभेला पहिल्या रांगेत बसतो, वहीत लिहून घेतो. एवढा सालस माणूस." त्यांनी यादीवर एक खूण केली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी नाही म्हणत नाही. पण शुक्रवार होऊन जाऊ दे. पाहुणे येतायत, तुमच्याच नावावर येतायत. मग आपण शांतपणे बघू. इतके दिवस काही झालं नाही, दोन दिवसांत काय होणार आहे?" बाई बरं म्हणून बाहेर आल्या आणि जिन्यात त्यांना हायसं वाटलं. छातीवरचं कुणी काही उचलून घ्यावं तसं. ते हायसं वाटणं त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. माळ्यावर शिडी पूर्ण वर आली की असंच वाटायचं. त्यांनी कठड्याला धरलं. खालून मुलं एका सुरात पाढे म्हणत होती आणि तो सूर थांबेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

गुरुवारी त्यांनी खारीच्या आईला शाळेत बोलावून घेतलं. मोठ्या बाईंना विचारलं नाही. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, दुकानाचा निळा कोट काढून हातावर घेऊन आली, आणि लहान मुलांच्या बाकावर गुडघे वर करून बसली. बाईंनी बोलायला सुरुवात केली तशी ती हसली. "ती फार गोष्टीवेल्हाळ आहे हो. आणि तुम्हीच तर केलंत तिला तसं. घरी आली की अस्वल काय, लांडगा काय. ह्यांना तर कौतुकच वाटतं." "तिच्या खांद्याला काय झालंय?" "पलंगावरून पडली." "कधी?" "मागे." तिनं कोटाची गुंडी काढली, घातली. भिंतीवर मुलांनी रंगवलेली अस्वलं टांगलेली होती, बत्तीस, सगळी हसणारी. ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "बाई, एक विचारू? ते खरं असतं का हो? अस्वल मेलेल्याला सोडून देतं ते?" विज्ञानाच्या तासासाठी बाईंनी अस्वलांबद्दल पुष्कळ वाचलेलं होतं. काय खातात, किती झोपतात, वजन किती, नखं केवढी. त्यात हेही होतं, आणि चोवीस वर्षं त्या ते मुलांना सांगायचं टाळत आल्या होत्या, गोष्ट बिघडू नये म्हणून. "नाही," बाई म्हणाल्या. "खरं नाही ते. अस्वल मेलेलंही खातं." खारीची आई एवढंच म्हणाली, "असं होय," आणि निळा कोट अंगावर चढवून निघून गेली.

संध्याकाळी बाई घरी न जाता धाकटीच्या दुकानात गेल्या. दोघी एकाच शहरात होत्या, दर रविवारी फोन करत, पण बोलायच्या ते पाण्याचं, भाज्यांचं, गुडघ्यांचं. धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करी. हात वडिलांचा, जरा कंप नाही. बाई सवयीनं तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या. धाकटीचा डावा कान निकामी होता. लहानपणी तापात गेला, असं घरात सगळे सांगत आले होते, आणि बाईही विचारणाऱ्याला तेच सांगत. त्या शिकायला वसतिगृहात गेल्या तेव्हा धाकटी अकरा वर्षांची होती. पुढच्या दोन वर्षांत त्या सुट्टीलाही घरी आल्या नाहीत. कधी परीक्षा, कधी शिबिर, काही ना काही निघायचं. आल्या तेव्हा कान गेलेला होता. "आज इकडे कशी वाट चुकलीस?" धाकटी म्हणाली. बाईंनी तिला खारीचं सांगितलं, सगळं, बावन्नपासून न्हाणीघरापर्यंत. धाकटी काच घासत ऐकत होती. "बावन्न म्हणजे खूप झालं," ती म्हणाली, "मी चाळीसच्या पुढे नाही गेले कधी." बाईंना वाटलं होतं की ती असं सरळ बोलणार नाही. आता न विचारून चालण्यासारखं नव्हतं. "मी गेल्यावरही तू तसंच करायचीस?" "दुसरं काय करणार?" "आणि ते हसायचे?" धाकटीनं काच दिव्यासमोर धरली, फुंकर मारली, चौकटीत दाबली. टक्‌ असा आवाज झाला. "तीस वर्षांनी विचारतेस, ताई." "हो." "एकदा नाही हसले. मी डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे कळलंच नाही मला. ते खाली वाकले तेव्हा मला वाटलं हुंगतायत." ती हे इतक्या सपाट आवाजात बोलली की काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकाला नंबरच सांगतेय असं वाटावं. "मला ताप नव्हता आला, ताई." "माहीत आहे मला," बाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना उमगलं की हे खरं आहे, आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी सत्काराच्या वेळी माईकसमोर आपण म्हणालो होतो की गोष्टींचं हे धन मला माझ्या वडिलांनी दिलं. धाकटी तेव्हा तिसऱ्या रांगेत बसली होती, उजवा कान पुढे करून, आणि सगळ्यांच्या बरोबरीनं टाळ्या वाजवत होती. बाईंना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही, आणि आलं असतं तरी धाकटीला त्याचा उपयोग नव्हता. तिनं अवजारं पुसून खणात ठेवली. "दुकान बंद करायचंय मला," ती म्हणाली. मग कुलूप शोधता शोधता, पाठमोरी, "त्या पोरीचं काय करणारेस?" "बघते." "बघू नकोस," धाकटी म्हणाली. "बघायला तू होतीसच."

शुक्रवारी वीस पाहुणे भिंतीशी खुर्च्यांवर बसले, मांडीवर वह्या. मोठ्या बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. बाईंनी गोष्ट सांगितली, आवाजांसकट, आणि अस्वल कानाशी वाकतं तिथे थांबल्या. "आता मी तुम्हाला एक सांगते," त्या मुलांना म्हणाल्या, "ही गोष्ट माझी चुकलेली आहे. मी खूप वर्षं ती चुकीची सांगितली. अस्वल मेलेल्याला सोडत नाही. श्वास रोखून पडून राहिलं तर ते जातं असं मुळीच नाही." "मग काय करायचं, बाई?" हत्तीनं विचारलं. "ओरडायचं. जेवढ्या मोठ्यानं येईल तेवढ्या मोठ्यानं." मग त्यांनी त्याचाच पाठ केला, आदल्या दिवशीच्या टाचणात नसलेला. मुलांनी आपापल्या घराचा नकाशा काढला, दारं कुठे, खिडक्या कुठे, शेजारी कोण. शेजारच्या दारापर्यंत किती पावलं ते लिहिलं आणि बेरजा केल्या. कोणते शब्द ओरडले तर माणसं धावून येतील, त्याची फळ्यावर यादी केली. 'वाचवा', 'या', 'मला मारतायत'. आवाज किती लांब जातो हे बघायला चौघांना व्हरांड्याच्या टोकाला उभं केलं आणि एकेकानं ओरडून बघितलं. वर्ग दणाणून गेला. पाहुणे आधी बावरले, मग हसून भराभरा लिहून घेऊ लागले, त्यांना हे काहीतरी नवीन वाटलं. फक्त मोठ्या बाई लिहीत नव्हत्या. खारीची पाळी आली. ती उभी राहिली, तिनं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि काहीच आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मुलांना वाटलं ती गंमत करतेय. बाईंनी तिच्याजवळ जाऊन तिला खाली बसवलं. तिच्या नकाशात न्हाणीघर सगळ्यात मोठं काढलेलं होतं, आणि शेजारच्या दारापर्यंतची पावलं तिनं नीट मोजून लिहिली होती. एकोणीस.

पाहुणे गेल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं, पण बाई त्याआधीच कार्यालयातल्या फोनवरून मुलांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी क्रमांकावर बोलत होत्या. नाव विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, हुद्दा सांगितला. मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. अडवलं मात्र नाही. शनिवारी दोन माणसं खारीच्या घरी जाऊन आली. बापानं त्यांना चहा दिला, मुलीच्या वह्या दाखवल्या, पालकसभेतली टिपणं दाखवली. खार त्यांना म्हणाली, मी पलंगावरून पडले. कागदावर तसं लिहिलं गेलं आणि बाईंना फोनवर सांगण्यात आलं की मूल व्यवस्थित आहे, पुन्हा वाटलं तर कळवा. रविवारी बाईंनी धाकटीला फोन केला नाही. सोमवारी खार आली नाही. त्या दिवशी हजेरी घेताना खारीचं नाव आलं तेव्हा त्या थांबल्या, आणि मुलं त्या पुढे जाण्याची वाट बघत त्यांच्याकडे बघत राहिली. आपण मदत केली की खारीला आत ठेवून दार बाहेरून लावलं, ह्याचा त्यांना काही केल्या उलगडा होईना. घरी गेल्यावर हात धुताना नळ चालूच आहे हे बऱ्याच वेळानं ध्यानात आलं आणि त्यांनी तो घाईघाईनं बंद केला.

मंगळवारी शाळा भरायच्या आधी खारीची आई फाटकापाशी उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला खार. खारीचा ओठ सुजलेला होता. आईच्या मनगटापासून कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं. "मी परवा कडी नाही लावली," ती म्हणाली, जणू बाईंनी विचारलंच होतं. "बाहेरच राहिले." मग एकदम घाईनं, "आम्ही निघालोय. हे कामावर गेलेत. हिचा दाखला मिळेल का? दाखल्याशिवाय पुढची शाळा घेणार नाही." दाखल्यासाठी वडिलांची सही लागे, अर्ज लागे, तीन दिवस लागत. बाई तिला घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. त्यांना बोलायचं खूप होतं, पण मोठ्या बाईंनी खारीचा ओठ बघितला आणि बोलण्याची वेळच आली नाही. त्यांनी खण उघडून छापील कागद काढला, स्वतःच्या हातानं भरला, शाळा सोडण्याचं कारण ह्या रकान्यापाशी जरा अडखळल्या, 'स्थलांतर' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. शिक्का नीट उठला नाही म्हणून पुन्हा मारला. "सालस माणूस," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि चष्मा काढून बराच वेळ पदरानं पुसत राहिल्या. आईनं बाईंच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. लांबच्या बहिणीचा पत्ता होता, डोंगराकडच्या एका गावातला. "कुणाकडे तरी असू दे," ती म्हणाली. बसथांब्यापर्यंत खार बाईंचं बोट धरून चालली आणि बस आल्यावर तिनं ते सोडलं. संध्याकाळी फोन आला. "पोचलो." एवढंच. त्यानंतर फोन आला नाही.

पुढच्या आठवड्यापासून खारीचा बाप यायला लागला. शाळा सुटायच्या वेळी तो फाटकाबाहेरच्या बाकावर येऊन बसे. इस्त्रीचे कपडे, भांग नीट. बाई दिसल्या की उठून उभा राही. "नमस्कार, बाई. काही कळलं का हो?" "नाही." "बरं." आणि जाई. मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही मागच्या फाटकानं जात जा. बाई पुढच्याच फाटकानं जात राहिल्या. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. पाचव्या दिवशी त्याच्या मांडीवर एक स्वेटर होता. पिवळा, लहान, घडी घातलेला. "तिकडे गारठा असेल," तो म्हणाला, "तिला सर्दी लगेच होते. घाईत राहिला हा. पोचवाल का?" बाईंनी स्वेटरकडे बघितलं. कोपरावर रफू केलेलं होतं, इतक्या बारीक, सारख्या टाक्यांनी की शोधल्याशिवाय दिसू नये. "ते मीच शिवलंय," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. ते खोटे नव्हते. बाईंना असे डोळे माहीत होते. त्यांच्यावर त्यांनी लहानपणी जीव टाकला होता. त्यांचा हात आपोआप पुढे निघाला, आणि त्या हाताकडे तो किती बारकाईनं बघतोय हे त्यांना दिसलं. "मला पत्ता माहीत नाही," त्या म्हणाल्या. पत्त्याची चिठ्ठी त्यांच्या पर्समध्ये, बगलेत होती. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं." "नाही." मग बाह्या आत मुडपून त्यानं स्वेटर बाकावर ठेवला, हातानं सारखा केला, नमस्कार केला आणि रस्ता ओलांडून गेला. वळला नाही.

बाई बाकावर बसल्या. स्वेटर शेजारी होता. लोकरीला घरातल्या कपाटाचा वास येत होता. डोंगराकडे खरंच गारठा असेल, आणि खारीला खरंच सर्दी होत असेल. टपालानं पाठवायला किती वेळ लागतो? पण पाकिटावरचा पत्ता कोण वाचेल, कोण कुठे विचारेल, कोण मागोमाग येईल. पोर कुडकुडत असेल, आणि आपण तिचा स्वेटर शेजारी घेऊन बसलोय. त्या तशाच बसून होत्या, इतक्यात शिपाई फाटक लावायला आला. त्यानं स्वेटर उचलून उलटापालटा करून बघितला. "हा कुणाचा, बाई?" "माहीत नाही," बाई म्हणाल्या. हरवलेल्या वस्तूंचं खोकं आतल्या भिंतीशी होतं. त्यात एक बूट होता, दोन रुमाल, झाकण नसलेली पाण्याची बाटली. शिपायानं स्वेटर त्या खोक्यात टाकला, आणि बाईंनी त्याला तो टाकू दिला.